मॅडमचा चिठ्ठ्यांचा डबा

डबा आधी ऐकू यायचा, मॅडम नंतर दिसायच्या.

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता तो. त्यात आमच्या रोल नंबरांच्या चिठ्ठ्या आणि चिठ्ठ्यांबरोबर, का कुणास ठाऊक, चार-पाच चिंचोके. चिंचोक्यांमुळे डबा खुळखुळायचा. व्हरांड्याच्या त्या टोकाला खुळखुळ सुरू झाली की आमच्या वर्गातली सत्तेचाळीस पोरं-पोरी एकदम चिडीचूप व्हायची. माझ्या तळहाताला इतका घाम सुटायचा की वहीचं पान ओलं होऊन पेन उमटायचं नाही.

नांदेडच्या एका कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते मी. किनवटच्या पलीकडे, जंगलाला लागून आमचं गाव. वडील आश्रमशाळेत स्वयंपाकी, आणि मी त्याच शाळेत दहावीपर्यंत शिकले. तिथं कुणाचं नाव पुकारलं की काहीतरी चुकलेलंच असायचं. कुणीतरी फरशी घाण केलेली असायची, नाहीतर कुणाची भाकरी ताटात उरलेली असायची. नाव पुकारलं जाऊ नये, एवढंच मी दहा वर्षं शिकले आणि त्यात मी फार हुशार होते. बारावीपर्यंत एकाही शिक्षकाला माझा आवाज ओळखता आला नसता.

आणि मग या मॅडम.

पन्नाशीच्या आसपासच्या, किरकोळ बांध्याच्या. साधी सुती साडी, पदर डोक्यावरून घेतलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. नांदेडच्या जुन्या वस्तीतलं मुसलमान कुटुंब. खाली भावाचं शिंप्याचं दुकान आणि वर यांचं घर. लग्न केलेलं नव्हतं. कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे दर जूनला नव्याने मुलाखत द्यायची आणि संस्थेनं बोलावलं तर वर्ष मिळायचं. अशी त्यांनी सतरा वर्षं काढली होती.

प्लॅटफॉर्मवर उभं राहून त्यांनी कधीच शिकवलं नाही. वर्गात यायच्या त्या थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या आणि तिथून शिकवायच्या. त्यामुळे मागचा बाक म्हणून जी काय लपायची जागा असते ती आमच्या वर्गात नव्हतीच. फळ्यापाशी लिहिण्यापुरत्याच जायच्या; बरोबर प्रोग्राम उजव्या हातानं लिहायच्या आणि मुद्दाम चुकवलेला प्रोग्राम डाव्या हातानं. पहिला महिनाभर त्यांनी आम्हाला लॅबचं दार दाखवलं नाही. "आधी तुम्ही मशीन व्हा," म्हणायच्या, "मग मशीनला हात लावा."

आणि खरंच मशीन करायच्या. कुणी मेमरीचा कप्पा, कुणी पुन्हा पुन्हा तेच करणारा लूप, कुणी नुसता एक आकडा. भावाच्या दुकानातून चार रंगांच्या चिंध्या आणून प्रत्येकाला एकेक जुडगा दिला होता. फळ्यावर प्रश्न, त्याची चार उत्तरं, आणि "एक दो तीन" म्हटलं की प्रत्येकानं एक चिंधी वर करायची. लाल म्हणजे पहिलं उत्तर, हिरवी म्हणजे दुसरं. मग शेजाऱ्याशी भांडायचं, त्याला पटवायचं, आणि पुन्हा चिंधी वर. मी शेजारणीची चिंधी बघून माझी वर करायची. चौथ्या दिवशी त्यांनी ते पकडलं. ओरडल्या नाहीत. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "दुसरीचा रंग चोरून राहिलीस व्हय? चुकीचा का असंना, आपला दाखव."

'हो मॅडम' हा शब्द त्यांच्या तासाला बंद होता. "कळलं नसंल तर न्हाई म्हणा. कळलं असंल तर मलाच उलटं समजावून सांगा. मधलं काई चालणार न्हाई." आणि त्यांचं एक वाक्य तर सगळ्या कॉलेजात पाठ होतं: "मशीन चुकलं तर एरर दाखवतं. गप बसलेल्या माणसाचा एरर मी कुठं शोधू?"

ते वाक्य त्या माझ्याकडे बघून म्हणतात असं मला वाटायचं. कदाचित म्हणतही असतील.

सप्टेंबरात रिकर्शन आलं. म्हणजे एखादं काम स्वतःलाच, पण थोडं लहान करून, पुन्हा सांगणं. आणि कुठंतरी थांबणं. फळ्यावर त्यांनी लिहिलं, पाचपर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार करा. डबा खुळखुळला. पाच चिठ्ठ्या निघाल्या आणि पाचवी माझी होती.

पाच जणांनी भिंतीला लागून रांगेत उभं राहायचं. पहिला 'पाच'. त्यानं दुसऱ्याला विचारायचं, चारचं किती? आणि उत्तर येईपर्यंत हात वर करून थांबायचं. दुसऱ्यानं तिसऱ्याला, तीनचं किती? त्यानंही हात वर. शेवटी मी. मला कुणाला काही विचारायचं नव्हतं. मी थांबायची जागा होते. चौथ्यानं मला विचारलं की मी म्हणायचं, "एक." मग त्या एकावरून सगळ्यांची उत्तरं उलट्या क्रमानं परतत जाणार आणि हात खाली येणार.

चौथी माझीच होस्टेलची रूममेट होती. तिनं विचारलं, "एकचं किती?"

मला उत्तर ठाऊक होतं. बालवाडीतल्या पोराला ठाऊक असेल असं उत्तर. पण सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. तोंड उघडलं तर आवाज नाही. रूममेट पुन्हा म्हणाली, "एकचं किती?" कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडमनी हात वर करून त्याला गप्प केलं, आणि मग तो हात त्यांनी खाली घेतलाच नाही. त्याही रांगेतल्या चौघांसारख्याच हात वर करून उभ्या राहिल्या.

"आपण थांबू," म्हणाल्या. "उत्तर आल्याशिवाय कुणाचा हात खाली येणार न्हाई. मशीन असंच अडकतं."

घड्याळात किती वाजले होते ते मी बघितलं होतं, म्हणून सांगते, चाळीस मिनिटं. पहिल्या नंबरच्या मुलाचा हात खाली यायला लागला. त्यानं तो दुसऱ्या हातानं धरला. मला ढसाढसा रडू येत होतं, पण तोंडातून हुंदकासुद्धा फुटत नव्हता. मॅडमचा हात तेवढा सरळ होता. बेल वाजली तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या इथूनच."

होस्टेलवर रूममेट खांद्याला बाम चोळत होती. "एक म्हणायला काय जातं गं तुझं?" एवढंच ती बोलली, पण मला ते पुरेसं होतं. सकाळी मी पिशवी भरली आणि कुणाला न सांगता स्टेशन गाठलं. किनवटकडं जाणारी गाडी लागलेली होती. बसले.

गाडी सुटल्यावर जरा बरं वाटलं. मग डोळ्यापुढे वडील आले. हातात झारा, कपाळाला घाम. "का आलीस?" असं ते विचारणार. आणि मी काय सांगणार? एक म्हणता आलं नाही म्हणून आले? मग गावात वर्षभरात लग्न. ते कुणी सांगायची गरज नव्हती. आश्रमशाळेत माझ्या वर्गात असलेल्या सगळ्या पोरींचं झालेलंच होतं. मुदखेडला गाडी थांबली तेव्हा मी उतरले. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात. पुढचं भय मागच्यापेक्षा मोठं दिसलं, एवढंच.

मुदखेडच्या बाकावर मी दीड तास बसले आणि उलटी गाडी आली तशी परत निघाले. कॉलेजात पोचले तेव्हा तास अर्धा सरला होता. दारातून बघितलं तर चौघं भिंतीला उभे, हात वर, आणि शेवटच्या बाकापाशी मॅडम, त्यांचाही हात वर. माझी जागा मोकळी होती. मला वाटलं आता आत पाऊल टाकलं तर मी पडेन. म्हणून दारातूनच, चौकटीला धरून, म्हणाले, "एक."

आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. रूममेट ओरडली, "दोन!" मग "सहा!", "चोवीस!", आणि पहिला मुलगा "एकशे वीस!" म्हणून हात खाली टाकून मटकन बाकावर बसला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वाजवल्या नाहीत. त्या माझ्याजवळ आल्या, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. का ते मला तेव्हा कळलं नाही.

"आलीस," एवढंच म्हणाल्या. "बस."

त्यानंतर मी बोलायला लागले. फार नाही, पण लागले. भीती गेली नव्हती. ती बोलण्याच्या आधी यायची आणि बोलून झाल्यावरही राहायची. फक्त मधल्या वेळात तोंडातून शब्द निघायचे.

दिवाळीनंतर प्रकरण झालं. संस्थेत वजन असलेल्या एका गृहस्थांचा मुलगा आमच्या वर्गात होता. त्याला मॅडमनी एकदा असंच हात वर करून उभं केलं आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून मोबाइलवर फिरवला. त्याच्या वडिलांनी लेखी तक्रार दिली: विद्यार्थ्यांचा मानसिक छळ. प्राचार्यांनी एकेकाला बोलवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पहिलं नाव माझं.

प्राचार्य फार मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. "घाबरू नकोस बेटा," म्हणाले, आणि मी घाबरले. "होस्टेलला असतेस ना? वडील काय करतात?"

"आश्रमशाळेत स्वयंपाकी हायत, सर."

"छान. तुझं शिक्षण नीट पार पडावं असंच आम्हाला सगळ्यांना वाटतं." मग हेडक्लार्कनं एक टाईप केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. त्यात चार वाक्यं होती. मला चाळीस मिनिटं वर्गापुढं उभं केलं. मला रडू आलं. मी कॉलेज सोडून पळून गेले. या तासाची मला भीती वाटते.

मी ते कितीतरी वेळा वाचलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं कुठं आहे ते मला सापडत नव्हतं, आणि तरी तो कागद खोटा होता. 'पण मी परत आले' हे पाचवं वाक्य त्यात नव्हतं. ते घाला म्हणायला मला तोंड उघडावं लागलं असतं. प्राचार्य माझ्याकडे बघत होते. पेन हेडक्लार्कनं उघडूनच दिलं होतं.

मी सही केली.

पुढच्या जूनला मॅडमना मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. त्यांच्या जागी एक सर आले. ते दिवे बंद करून प्रोजेक्टरवरच्या स्लाइड वाचून दाखवायचे. अंधारात कुणाला काही विचारलं जायचं नाही. खोटं कशाला सांगू, पहिले काही दिवस मला सुटल्यासारखं वाटलं. व्हरांडा शांत होता. मग हळूहळू ती शांतता मला खायला लागली. जुन्या वस्तीत मॅडमचं घर कॉलेजपासून वीस मिनिटांवर होतं. तीन वर्षांत मी एकदाही त्या गल्लीत गेले नाही. बाजारात लांबून पांढरे बूट दिसले तर वळून दुसऱ्या रस्त्याला लागायचे.

आज मी लातूरला एका कॉलेजात शिकवते. कॉम्प्युटर सायन्सच. मी डबा वापरत नाही, पण मुलांना उभं करते, प्रोग्राम त्यांच्याकडून चालवून घेते, चिंध्यांऐवजी रंगीत कार्ड देते. लोक कौतुक करतात. गेल्या वर्षी मी निलंग्याकडच्या एका मुलीला प्रश्न विचारला. ती उभी राहिली, आणि तिनं तोंड उघडलं, आणि आवाज नाही. मी थांबले. मला सवयच लागली आहे थांबायची. आणि मग तिच्या हाताकडं माझं लक्ष गेलं. ती वहीचं पान चुरगाळत होती आणि पान ओलं होतं.

"बस," मी म्हणाले. त्या शनिवारी मी नांदेडची बस धरली.

खाली शिंप्याचं दुकान अजून होतं. चाळिशीला आलेली बाई मी, पण जिना चढताना तळहाताला तोच घाम. दार मॅडमनीच उघडलं. केस पूर्ण पिकलेले, डोळ्याला जाड भिंगं. त्यांनी मला ओळखलं. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं.

"मॅडम, तो कागद... त्या कागदावर माझी सही होती."

"ठाऊक हाय. मला दाखवला होता त्यांनी."

"मी भिऊन सही केली. मला माफ करा."

त्यांनी आधी मला बसायला खुणावलं. मग म्हणाल्या, "त्यात झूट काय होतं? तू लिहिलंस ते सगळं खरंच होतं की."

"पण मी परत आले होते."

"हौ. तू आलीस." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तुज्या आधीच्या वर्षी एक पोरगी होती. मुदखेडकडची. तिची चिठ्ठी निघाली, ती बी अशीच अडकली, आणि मी अशीच थांबले. दुसऱ्या दिवशी ती आली न्हाई. तिसऱ्या दिवशी बी न्हाई. दाखला न्यायला तिचा बाप आला. तरी मी डबा सोडला न्हाई. म्हणलं, एकाच पोरीसाठी मी पद्धत का बदलू? मग तू पळालीस. त्या दिवशी मी हात वर करून उभी होते ना, ते तुमाला वाटलं शिकवून राहिली. मी घाबरून उभी होते गं. दाराकडे बघत. ही बी गेली तर मी काय करू?" त्यांनी चष्मा परत घातला. "म्हणून तो कागद मला दाखवला तेव्हा मी भांडले न्हाई. मला वाटलं, बराबर हाय. उशिरा आला, पण बराबर हाय."

चहा आला. तो निवला.

मी निघताना त्यांनी त्या मुलीचं नाव आणि गावाचं नाव सांगितलं. इतक्या वर्षांनी दोन्ही पाठ होतं. "तू एकदा बघून येशील?" म्हणाल्या. "माझी हिंमत न्हाई."

ती सापडायला अवघड गेली नाही. मुदखेडहून रिक्षानं पंधरा मिनिटं. गावाच्या तोंडाशी तिचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. मी कोण, कुणाची विद्यार्थिनी ते सांगितल्यावर ती एकदम उठून उभी राहिली. मला मनातून वाटत होतं की ती म्हणेल, छे हो, वडील आजारी होते, घरची अडचण होती, कॉलेज त्यामुळं सुटलं. सगळ्या वाटेत मी हेच मागत आले होते.

"हाव," ती म्हणाली. "त्या डब्यालाच भिऊन सोडलं मी. घरी खोटंच सांगितलं, शिकायचं न्हाई म्हणून. महिन्यात लगीन लागलं. कॉम्प्युटर मग धाकट्या दिराच्या पुस्तकातून शिकले, एकटीच." मग म्हणाली, "त्यांना सांगू नका. म्हाताऱ्या झाल्या असतील."

दुकानाबाहेर लिंबाखाली मी फोन हातात धरून उभी राहिले. मॅडमनी पहिल्या रिंगला उचलला, म्हणजे त्या फोनपाशीच बसलेल्या होत्या. "काय म्हणाली?"

बरी आहे, एवढं म्हणून थांबता आलं असतं. तेही खरंच होतं. पण अर्धं खरं सांगून काय होतं ते मला माहीत होतं. मग मी सगळं सांगितलं. तिनं सांगू नका म्हटलं होतं, तेसुद्धा.

पलीकडून एवढंच, "बराय," आणि फोन ठेवला गेला. ते आठ दिवस मी लातुरात भीतीनं अर्धी झाले. आपण एका म्हाताऱ्या बाईला काय देऊन बसलो? फोन करायचा धीर होत नव्हता.

नवव्या दिवशी फोन आला तो त्या दुकानवालीचा.

"तुमच्या मॅडम आल्या होत्या काल," ती म्हणाली. "एकट्याच. रेल्वेनं मुदखेडपर्यंत आणि पुढं रिक्षानं. मी आधी वळखलंच न्हाई."

"माफी मागितली?"

"आल्या आल्याच म्हणाल्या, माझं चुकलं. मी म्हणलं, हाव, चुकलं." ती पुढं म्हणाली, "मग स्टूल दिलं बसायला."

"आणि मग? काय विचारलं त्यांनी?"

"काईच न्हाई. मीच बोलले. लगीन, सासर, पहिला कॉम्प्युटर कसा घेतला, सगळंच. दोन तास. मधी लाईट गेली, पंखा बंद पडला, गिऱ्हाइकं येऊन परत गेली. त्या घामानं भिजल्या तरी उठल्या न्हाईत. मधी एकदा तोंड उघडलं त्यांनी. मला वाटलं, आता प्रश्न विचारतात काईतरी, आणि खोटं कशाला सांगू, मला तो डबाच ऐकू आला. पर त्या नुसतं म्हणाल्या, 'तू बोल. मला कुठं जायचं न्हाई.'"